यंत्र, लेखणी आणि आपण

(मंडळाच्या वर्धापनदिनी असोदा येथे केलेले भाषण)



 विषय चिटणीसबाईंनी माझ्यावरच सोपवला होता. मी काही विदुषी नव्हे की कवयित्रीही नव्हे. मला नाद आहे तो यंत्रांचा. घरात नवा फोन आला की त्याचे खोके उघडण्याचा मान माझा, आणि आळीतल्या मुलींचे ऑनलाइन अर्ज भरून देणे हा माझा आवडता उद्योग. तेव्हा संगणक, फोन आणि त्यांवर चालणारे आपले लिहिणे-वाचणे यांविषयीच मी बोलणार आहे. ही माझी साधी मते आहेत. पटतील ती घ्यावीत, न पटतील त्यांबद्दल चहाच्या वेळी माझ्याशी खुशाल भांडावे.

यंत्र म्हणजे पुरुषांचे काम, हा समज आपण आधी उंबऱ्याबाहेर ठेवू. संगणकाचे मूळ शोधत गेले, तर ते विणकराच्या मागापाशी जाऊन पोहोचते. १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये जाकार नावाच्या गृहस्थाने नक्षीदार कापड विणण्यासाठी भोके पाडलेले पुठ्ठे मागाला जोडले. कोणता धागा उचलायचा आणि कोणता नाही, हे त्या भोकांवरून ठरे. इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेज यांनी हीच युक्ती आपल्या नियोजित गणिती यंत्रासाठी घेतली. आणि त्या यंत्राकडून गणित कसे करवून घ्यावे याची तपशीलवार रीत १८४३ साली लिहून प्रसिद्ध केली ती एका स्त्रीने, एडा लव्हलेस यांनी. पुढे १९६९ साली माणसे चंद्रावर उतरली, तेव्हा त्यांच्या यानातील संगणकाची स्मृती म्हणजे चुंबकी कड्यांतून ओवलेल्या बारीक तारा होत्या. तार कड्यातून गेली तर एक, बाजूने गेली तर शून्य. अमेरिकेतल्या कारखान्यात त्या तारा बायकांनी हातांनी ओवल्या होत्या. आपण दाराला मण्यांची तोरणे ओवतो, त्याच जातीचे हे काम. मग फोनला भिण्याचे कारण काय?

आता लिपीकडे येऊ. संगणकाला अक्षर कळत नाही, त्याला आकडा कळतो. म्हणून प्रत्येक अक्षराला एक क्रमांक ठरवून द्यावा लागतो. सुरुवातीला अमेरिकेत जी यादी प्रचारात आली तिच्यात अवघे १२८ क्रमांक होते, आणि ते इंग्रजी अक्षरे, आकडे व चिन्हे यांतच संपले. आपल्याकडे मग ज्याने त्याने आपापली यादी केली. एका कंपनीच्या टंकात ज्या क्रमांकावर ‘क’, तिथे दुसरीच्या टंकात भलतेच काही. माझ्याजवळ २००३ सालच्या एका घरगुती समारंभाच्या पत्रिकेची फाईल आहे. आज ती उघडली तर पडद्यावर नुसती चिन्हांची खिचडी दिसते. त्याच पत्रिकेची छापील प्रत पेटीत पडून आहे. ती मात्र चष्मा लावला की सरळ वाचता येते. यंत्राच्या वेडात असताना ही गोष्ट मी स्वतःला वारंवार सांगत असते.

या गोंधळावर उपाय निघाला तो युनिकोडचा. जगातल्या साऱ्या लिप्यांसाठी एकच सामाईक यादी, अशी ती कल्पना. १९९१ साली तिची पहिली आवृत्ती निघाली आणि तिच्यात देवनागरीसाठी १२८ जागा राखल्या गेल्या. त्याच वर्षी पुण्याच्या सी-डॅक संस्थेत डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला. असे असूनही सामान्य बाईला घरबसल्या मराठी लिहिता यायला आणखी पुष्कळ वर्षे लागली. ‘ॲप’ या शब्दातले ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये आले ते २००८ साली! मोबाइलच्या साध्या संदेशात इंग्रजीची १६० अक्षरे मावतात, तर देवनागरीची ७०. या अडचणींमुळेच मराठी भाषा इंग्रजी अक्षरांत लिहिण्याची सवय आपल्याला लागली.

ती सवय आता सोडावी, असे माझे स्पष्ट मत आहे. एम, ए, एल, ए ही चार इंग्रजी अक्षरे घ्या. त्यांतून ‘मला’ वाचता येते, ‘मळा’ वाचता येते, ‘माळा’ आणि ‘माला’ही वाचता येते. सासूबाई मळ्यात गेल्या की माळ्यावर चढल्या, हे सुनेला कळावे कसे? पूर्वी नाइलाज होता, आज तो उरलेला नाही. प्रत्येक नव्या फोनमध्ये देवनागरी आहे. शिवाय २०१७ पासून गूगलच्या कळफलकावर मराठीत बोलून लिहिण्याची सोय झाली आहे. ज्या मावशींना शाळा लाभली नाही, त्यांनी नुसते बोलावे आणि यंत्राने लिहून घ्यावे, अशी ही सोय आहे. गेल्या शंभर वर्षांत आपल्या बायकांना मिळालेल्या मोठ्या देण्यांत मी तिची गणना करते.

आता लिहिण्याची साधने झाली. पण आपण लिहितो का? खरे सांगायचे तर आपण लिहीत नाही, पुढे ढकलतो. सकाळी उठल्यापासून सुविचार, देवाचे फोटो, कविता, औषधांचे उपाय, सारे या हातातून त्या हातात. या ढकलाढकलीत सर्वांत आधी गळते ते लिहिणाऱ्याचे नाव. कुणाच्याही लेखाखाली पु. ल. देशपांडे यांचे नाव जोडले जाते, कुणाच्याही कवितेखाली कुसुमाग्रजांचे. जिने रात्री जागून चार ओळी रचल्या, तिच्या ओळी गावभर फिरतात आणि ती मात्र अनामिक राहते. हळदीकुंकवाला आलेल्या बाईचे नाव विचारल्याशिवाय आपण तिला वाण देत नाही. मग तिच्या लेखनाचे नाव पुसून ते पुढे कसे पाठवतो? मला हा केवळ निष्काळजीपणा वाटत नाही, हा अन्याय वाटतो.

भगिनींनो, हे सारे मी असोद्यात बोलते आहे, याला एक कारण आहे. बहिणाबाई चौधरी या आपल्या गावच्या लेक. १८८० साली याच गावी महाजनांच्या घरात त्यांचा जन्म झाला आणि लग्न होऊन त्या जळगावला गेल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि घरात काम करता करता त्या गाणी रचत. चिरंजीव सोपानदेव आणि मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी त्यांतली जमतील तेवढी वेळोवेळी टिपून ठेवली. १९५१ साली बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्रे यांना दाखवली आणि १९५२ साली अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक निघाले. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. ते २०१८ साली देण्यात आले.

आपण त्यांच्या प्रतिभेचे गुणगान करतो आणि ते योग्यच आहे. पण मला यंत्रवेडीला त्या कथेत आणखी एक गोष्ट दिसते. एवढी मोठी कवयित्री आणि आपण, यांच्यामध्ये दुवा होता तो एका वहीचा. जे टिपले गेले ते उरले. जे टिपले गेले नाही, ते वाऱ्यावर गेले. टिपणाऱ्यांनी आईची बोली सुधारून पुस्तकी केली नाही, हा त्यांचा आपल्यावर दुसरा उपकार. आणि ज्या घरांत टिपणारे कुणीच नव्हते, त्या घरांतल्या बायकांचे काय झाले असेल, याचा विचार करून पाहा.

त्या बायका आजही आपल्यात आहेत. आखाजीला झोक्यावर म्हटली जाणारी गाणी, भुलाबाईची गाणी, कानबाईच्या रात्रीची गाणी, ही आपल्या मंडळातल्या चार-पाच वडीलधाऱ्या बायांनाच पुरती येतात. आम्हा मधल्या वयाच्या बायांना पहिले कडवे येते, पुढे आम्ही टाळ्या वाजवतो. आमच्या मुलींना तर चालही धड माहीत नाही. गाण्यांचेच नव्हे, बिबड्यांसाठी ज्वारी किती दिवस भिजवावी, कळण्याच्या भाकरीच्या पिठात ज्वारीला उडीद किती, हे ज्ञानही हातातच आहे, कागदावर नाही. आणि तो हात ऐंशी वर्षांचा झाला आहे.

काही भगिनी म्हणतील, आता तर विचारील त्याचे उत्तर देणारी यंत्रे आली आहेत. खरे आहे. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आले आणि तेव्हापासून अशा यंत्रांची रीघ लागली. मी ती आवडीने वापरते. अर्ज, निमंत्रण, आभाराचे पत्र झटक्यात लिहून मिळते. परंतु हे यंत्र शिकते ते कुणीतरी लिहून ठेवलेल्या मजकुरावरून. असोद्याच्या आखाजीचे गाणे कुणी लिहिलेच नसेल, तर ते त्याला कुठून ठाऊक असणार? उलट ते आपल्या मनाने एक गाणे रचील आणि खरे म्हणून आपल्या हाती देईल. आपली नात तेच पाठ करील. मला धास्ती वाटते ती या गोष्टीची. आपली बोलीही त्याला नीट येत नाही. मी फोनला ‘शाया’ सांगावे आणि त्याने ‘शाळा’ लिहावे, ‘डोया’ सांगावे आणि भलतेच काही लिहावे, असे नित्य घडते. २०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, याचा आपल्याला अभिमान आहे. पण आपल्या आज्यांची बोली हीदेखील मराठीच आहे, हे यंत्राला शिकवायचे तर ती आपणच लिहिली पाहिजे.

म्हणून मंडळापुढे मी तीन विनंत्या ठेवते. एक, ज्यांना गाणी येतात त्यांच्याकडे दर आठवड्याला दोघीजणींनी जावे, त्यांची परवानगी घेऊन फोनवर आवाज उतरवून घ्यावा, आणि मग तो ऐकून देवनागरीत, त्यांच्याच उच्चारांप्रमाणे, लिहून काढावा. यंत्राने बदललेला शब्द पुन्हा मूळचा करावा. जे गाणे वा जी आठवण त्यांना चारचौघांत जाऊ द्यायची नसेल, ती त्यांच्याकडेच ठेवावी. दोन, प्रत्येक लेखनाखाली सांगणारीचे नाव, लिहून घेणारीचे नाव, गाव आणि तारीख घालावी. नाव नसलेले काही आपल्या मंडळातून पुढे जाऊ नये. तीन, सारे काही फोनच्याच भरवशावर ठेवू नये. २००४ साली सुरू झालेले ऑर्कुट २०१४ साली बंद झाले. तिथे हौसेने लिहिणाऱ्या आपल्या मुलांना आज ते लिहिणे तिथे जाऊन वाचता येत नाही. परक्याच्या कोठारात धान्य ठेवले, तरी बियाणे आपल्या कणगीत असावे. पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत ही गाणी छापावीत, आणि तिची एक प्रत वाचनालयात व एकेक प्रत प्रत्येकीच्या घरी राहावी.

या कामाला पैसा लागत नाही. फोन घरोघरी आहेत आणि लिहिता येणाऱ्या मुली आळीआळीत आहेत. वेळ तेवढा थोडा आहे. भुलाबाई बसायच्या आत निदान दहा गाणी लिहून व्हावीत, अशी माझी इच्छा आहे. ज्या भगिनींची तयारी असेल त्यांनी आजच चिटणीसबाईंकडे नावे द्यावीत. फोन कसा धरायचा आणि आवाज कसा उतरवायचा, हे शिकवायला मी दर बुधवारी दुपारी मंडळात बसेन.