देव वर जातो तेव्हां



नृसिंहवाडी, म्हणजे आपल्या बोलण्यांतली नरसोबाची वाडी, आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिली असेल. सांगली-कोल्हापुराकडून यावें, कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर स्नान करावें, दत्तपादुकांचें दर्शन घ्यावें आणि पेढ्यांचा पुडा घेऊन सायंकाळीं परतावें. श्रीनृसिंहसरस्वतींनीं येथें बारा वर्षें वास्तव्य केलें, अशी परंपरा आहे. पण ही झाली यात्रेकरूंची वाडी. आज मला बोलावयाचें आहे तें येथें बारमास राहणाऱ्या पुजाऱ्यांच्या, पेढेवाल्यांच्या, फुलवाल्यांच्या आणि नावाड्यांच्या वाडीविषयीं.

आमच्या गांवाचें खरें पंचांग नदी. कोयनेचें पाणी कऱ्हाडास कृष्णेला मिळतें, वारणेचें हरिपुरास, आणि पंचगंगेचें आमच्या दाराशीं. कृष्णा तुडुंब चालली असली म्हणजे पंचगंगेला वाट मिळत नाहीं. तिचें पाणी मागें फुगतें आणि शेतांतून पसरतें. म्हणून आमच्याकडे पूर चढला कीं लवकर उतरत नाहीं. घाटाच्या किती पायऱ्या बुडाल्या, हें येथें लहान मूलही सांगेल.

पाणी देवळाच्या उत्तरद्वारानें आंत येऊन, पादुकांवरून वाहून दक्षिणद्वारानें बाहेर पडूं लागलें, कीं दक्षिणद्वाराचा सोहळा होतो. त्या पाण्यांत स्नान करावयास माणसें लांबलांबून येतात. पाणी आणखी चढलें तर पादुका पाण्याखालीं राहतात, आणि उत्सवमूर्ति वर नारायणस्वामींच्या देवळांत नेतात. पूजाअर्चा तेथें चालते. हें मीं लहानपणापासून पाहिलें. पण त्यांतून घ्यावयाचें तें 2019 सालापर्यंत घेतलें नव्हतें.

माझा जन्म गणित शिकविण्यांत गेला. 2005 च्या महापुरानंतर पाणी जेथवर आलें तेथें मीं घराच्या भिंतीवर रेघ ओढून ठेविली होती. 2019 च्या ऑगस्टांत पाणी वाढूं लागलें, तेव्हां त्या रेघेच्या हातभर वर फळी ठोकली. तिच्यावर पुस्तकें, विद्यार्थ्यांचीं पत्रें आणि माझ्या दिवंगत पत्नीच्या हातची जमाखर्चाची वही रचली आणि ओसरीवर निश्चिंत बसलों. आळी रिकामी होत होती. जाणाऱ्या-येणाऱ्याला मी रेघ दाखवीत होतों.

शेजारची फुलवाली म्हातारी डोक्यावर गांठोडें घेऊन दारांत थांबली. रेघेकडे तिनें पाहिलेंही नाहीं. म्हणाली, “मास्तर, देव सुदीक वर गेला. तुमीच तेवढं मागं ऱ्हायलासा.”

मी उठलों. वही मात्र फळीवरच राहिली. रेघेवरचा विश्वास अजून सुटला नव्हता.

पाणी ओसरल्यावर परत आलों. तें फळीच्याही वर जाऊन आलें होतें. वहीची चिखलांत वीट झाली होती. दूध, मीठ, मुलांची फी असें तीस वर्षांचें अक्षर त्यांत होतें; एक आंकडा वाचतां येईना. माझा हिशेब चुकला नव्हता. तो गेल्या पुराचा होता, इतकेंच. ती वही कांखेंत मारून निघावयास मला कितीसा वेळ लागला असता?

तिकडे देवळांतला गाळ काढणें चाललें होतें. मूर्ति परत आली, दुकानांच्या फळ्या उघडल्या, म्हातारी पुन्हां फुलें घेऊन बसली. जागा सोडण्यांत या गांवाला कधीं कमीपणा वाटला नाहीं. म्हणूनच त्याला परत येतां येतें.

आतां कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावरील पातळी घरबसल्या कळते. तेथें 39 फुटांवर इशारा, 43 फुटांवर धोका. ती मी रोज पाहतों, व पाहावीच. परंतु 2021 च्या जुलैंत पाणी पुन्हां चढलें, तेव्हां मीं भिंतीकडे पाहिलें नाहीं. म्हातारीचें गांठोडें उचललें आणि तिच्याबरोबर वर निघालों.