शिवारातील परागवाहक आणि गावाचे कर्तव्य



१ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. या जिल्ह्याचे नाव आज हळदीमुळे सर्वदूर पोहोचले आहे. वसमतच्या हळदीस २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. हळदीची लागवड बेण्यापासून होते. त्या पिकास परागीभवनाची गरज नाही. सोयाबीनच्या फुलातही बव्हंशी स्वपरागीभवनच घडते. मग मधमाशी राहिली काय आणि गेली काय, आपल्या उत्पन्नात कोणता फरक पडणार, असे शेतकऱ्यास वाटणे स्वाभाविक आहे. या शंकेचे उत्तर त्याच्याच शिवारात आहे.

मधमाशीचे ऋण

काकडी, दोडका, कारले, भोपळा या वेलींवर नर आणि मादी फुले वेगवेगळी असतात. एकाचा पराग दुसऱ्यापर्यंत कीटकाने नेला नाही, तर फळ धरत नाही. सूर्यफूल, तीळ, कांद्याचे बियाणे, आंबा यांनाही कीटकांचे साहाय्य लागते. तूर आणि कपाशी स्वतःच्या परागावर फळत असली, तरी भुंगे व रानमाश्या यांच्या वावराचा त्यांना लाभ होतो. जगातील प्रमुख अन्नपिकांपैकी तीनचतुर्थांशांहून अधिक पिके कमीअधिक प्रमाणात प्राण्यांकडून होणाऱ्या परागीभवनावर अवलंबून असल्याचे २०१६ च्या आंतरराष्ट्रीय अहवालात नमूद आहे. परसातील भाजी हा कित्येक कुटुंबांचा आहार आणि गृहिणीच्या हाती येणारा पैसा आहे. परागवाहक घटले, तर पहिली झळ तेथे पोहोचते.

आसरा कोठे गेला?

आग्या मोहोळ वड-उंबरासारख्या उंच झाडांवर किंवा पाण्याच्या टाकीखाली लागते. फुलोरी माशी झुडपाच्या फांदीवर लहानसे पोळे बांधते, तर सातेरी झाडाच्या ढोलीत राहते. भुंगा वाळक्या लाकडात घर करतो. अनेक एकांड्या माश्या तर न नांगरलेल्या मातीत बिळे करून अंडी घालतात. म्हणजे बांध, ओढ्याचा काठ, गायरान आणि जुनी झाडे हीच त्यांची वसतिस्थाने होत. बांध कोरून अरुंद करणे, त्यावर तणनाशक फवारणे आणि उन्हाळ्यात तो पेटवून देणे, या तीन गोष्टींनी ती नाहीशी होतात. हळद शिजविण्यासाठी जेथे बांधावरील बाभूळ व लिंब तोडले जातात, तेथे हानी दुहेरी होते. कमी जळणात हळद शिजविणाऱ्या वाफेच्या यंत्रांचा सामुदायिक वापर हा यावरील एक मार्ग आहे.

माशीला अन्नही वर्षभर हवे. करडई, जवस, तीळ यांचा पेरा मागे पडल्याने फुलांच्या हंगामात खंड पडू लागला आहे. बांधावर योग्य झाडे असतील, तर हा खंड भरून निघतो. फाल्गुनाच्या सुमारास पळस व पांगारा फुलतो. पाठोपाठ लिंब, जांभूळ, करंज आणि चिंच यांचा बहर येतो. पावसाळ्याच्या अखेरीस बोर फुलते. वृक्षारोपणाच्या कार्यक्रमात शोभेच्या विदेशी झाडांऐवजी ही झाडे लावण्यास अधिक खर्च येत नाही; मात्र लावलेले रोप तीन उन्हाळे जगविण्याची जबाबदारी कोणाची, हे आधी ठरले पाहिजे.

फवारणीची वेळ

तुरीवरील शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी ऐन फुलोऱ्यात औषध फवारावे लागते आणि नेमक्या त्याच वेळी माश्या फुलांवर असतात. यास्तव प्रादुर्भाव पाहूनच, माश्यांचा वावर थांबल्यावर सायंकाळी फवारणी करावी. परभणीचे कृषि विद्यापीठ आणि तोंडापूरचे कृषि विज्ञान केंद्र यांचा सल्ला घेतल्यास अनावश्यक फवारण्यांचा खर्चही वाचेल.

कायदा आणि श्रमदान

जैविक विविधता अधिनियम, २००२ च्या कलम ४१ अन्वये स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावयाची असून, लोकांच्या सहभागाने जैवविविधता नोंदवही तयार करावयाची आहे. ही नोंदवही कपाटात ठेवण्याची वस्तू नव्हे. कोणत्या झाडावर दरवर्षी मोहोळ येते, कोणत्या ओढ्याकाठी मोर वावरतो, कोणता बांध न जाळता राखला आहे, याची माहिती गुराखी, मेंढपाळ आणि वृद्ध स्त्रिया यांच्याकडून शिक्षकांनी विद्यार्थ्यांकरवी गोळा करावी. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात एक दिवस गायरानावरील गवत-झुडपांच्या राखणीस द्यावा. मोहोळ जाळून मध काढणाऱ्यास केवळ दटावून भागणार नाही. मधाने भरलेला भागच कापून अंडी-अळ्यांचा भाग शाबूत ठेवण्याची रीत त्यास शिकविली पाहिजे. पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून या क्षेत्रात कार्यरत आहे.

अडचणीही मान्य केल्या पाहिजेत. रोही आणि रानडुक्कर पिकाची नासाडी करतात, तेव्हा शेतकऱ्यास वन्यजीवप्रेमाचे धडे देणे व्यर्थ ठरते. नुकसानीचा पंचनामा वेळेवर होऊन भरपाई हाती पडली, तरच रक्षणाच्या आवाहनास त्याचे मन अनुकूल होईल. ही जबाबदारी प्रशासनाची आहे.

इसापूर जलाशयाच्या परिसरास शासनाने पक्षी अभयारण्याचा दर्जा दिला आहे. परंतु प्रत्येक बांधासाठी अधिसूचना निघू शकत नाही. तेथे ग्रामसभेचा ठराव हीच अधिसूचना. येत्या ग्रामसभेत गावातील एक ओढा, एक गायरान आणि चार जुनी झाडे राखण्याचा ठराव झाला, तरी कार्याचा प्रारंभ झाला असे समजावे. कयाधू आणि पूर्णेच्या काठची शिवारे फुलती राहावीत, हे गावाच्याच हाती आहे.