अ‍ॅक्युपंक्चरला पहिल्यांदा जाताना

अ‍ॅक्युपंक्चर पहिल्यांदाच घेणार असाल, तर सुईची धास्ती नको. ती केसासारखी बारीक, भरीव असते. तिच्यातून औषध जात नाही. टोचताना किंचित चुणचुण, मग जडपणा जाणवतो. वीस-तीस मिनिटं शांत पडून राहायचं. उपाशीपोटी मात्र जाऊ नका, चक्कर येऊ शकते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, पेसमेकर असेल किंवा दिवस गेले असतील, तर आधीच सांगा. सुई नवी, निर्जंतुक हवी आणि पाकीट तुमच्यासमोरच फोडलेलं हवं. इथे भीड अजिबात बाळगू नका. गुडघेदुखीत, मानदुखीत अनेकांना आराम पडतो, पण म्हणून रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका. महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चर चिकित्सकांच्या नोंदणीसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे. नोंदणीचं प्रमाणपत्र अवश्य पाहायला मागा.