खो देता आला पाहिजे

(२६ जानेवारी २०२५ रोजी आपल्या मंडळाच्या क्रीडादिनी, बक्षीस समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर. संपादक मंडळाच्या आग्रहावरून स्मरणिकेसाठी लिहून दिला आहे.)



मी काही वक्ता नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला, रुळांवर चालणारा माणूस. वीस वर्षं महाराष्ट्राबाहेर राहून मराठीत हिंदी शिरली आहे, तेवढं सांभाळून घ्या. कार्यवाह म्हणून माझं काम खुर्च्या मोजणं आणि वर्गणीच्या पावत्या फाडणं. पण अध्यक्षांनी सांगितलं, 'तुम्ही शाळेत खो-खो खेळत होता, आज तुम्हीच बोला.' म्हणून उभा आहे.

मघाशी चहा घेताना एका पालकांनी मला विचारलं, 'खेळून शेवटी मिळतं काय हो?' मुलगा दहावीला असला की असा प्रश्न पडतोच. रेल्वेत खेळाडूंसाठी भरती असते आणि राष्ट्रीय खो-खो स्पर्धेत भारतीय रेल्वेचा संघ दबदबा राखून आहे, असं उत्तर मला देता आलं असतं. पण माझी नोकरी खेळावर लागलेली नाही. मी तालुक्याच्या पुढे कधी गेलोच नाही. तेव्हा मला काय मिळालं तेवढंच सांगतो, आणि ते मिळायला किती उशीर लागला तेही सांगतो.

गेल्याच रविवारी, १९ जानेवारीला, दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक संपला. भारताच्या पुरुषांनी नेपाळला ५४-३६ असं हरवलं आणि महिलांनी नेपाळलाच ७८-४० असं. दोन्ही कर्णधार मराठी, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली ज्या खेळाला नियमांत बसवलं, ज्याची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५९-६० साली विजयवाड्याला झाली, त्या आपल्या मातीतल्या खेळाचा विश्वचषक आपल्या डोळ्यांदेखत झाला. माझ्या घरी टीव्हीसमोर आम्ही इतके ओरडलो की शेजारचे मिश्राजी काय झालं म्हणून बघायला आले.

मिश्राजींना खेळ समजावून सांगताना मी स्वतःच थबकलो. ते म्हणाले, 'पकड़ने वाले नौ हैं, तो आठ बैठे क्यों हैं?' प्रश्न अगदी बरोबर होता. खो-खोत पाठलाग करणाऱ्या संघाचे नऊ जण मैदानात असतात. आठ जण मधल्या पाटीवर बसलेले, एकाचं तोंड इकडे तर पुढच्याचं तिकडे. पळतो फक्त एक. त्या पळणाऱ्यावर बंधनंही किती! एकदा दिशा घेतली की खांब येईपर्यंत मागे फिरायचं नाही. मधली पाटी ओलांडायची नाही. ज्याला पकडायचं तो मात्र मोकळा. तो दोन गड्यांच्या मधून पलीकडे निसटतो आणि आपण अलीकडेच राहतो.

मग करायचं काय? ज्या बाजूला मला जाता येत नाही, त्या बाजूला तोंड करून माझाच एक गडी बसलेला असतो. त्याला मागून हात लावायचा, मोठ्याने 'खो' म्हणायचं, तो उठला की त्याच्या जागी आपण बसायचं. सगळा खेळ एवढाच आहे. आणि मित्रहो, तेवढंच जमायला मला पंधरा वर्षं लागली.

माझं गाव सांगली जिल्ह्यात, वाळवा तालुक्यात. १९९४ साली मी नववीत होतो. शाळेच्या संघात सगळ्यांत वेगाने पळणारा मीच, आणि ते मला जरा जास्तच माहीत होतं. तालुक्याच्या अंतिम सामन्यात शेवटचा डाव आमच्या पाठलागाचा होता. एक गडी बाद झाला की बरोबरी, दोन झाले की आम्ही जिंकणार. मिनिटभर उरलं असताना मी सूर मारून एकाला टिपला. बरोबरी झाली. समोरचा शेवटचा पळती दमलेला होता, त्याचे पाय अडखळत होते. तो माझ्यापुढे दोन हातांवर असताना पाटीतून पलीकडे निसटला. तो निसटला तिथेच माझा मित्र बसला होता, तोंड बरोबर त्याच बाजूला. मी हात लावून 'खो' म्हटलं असतं तर मित्राने दोन पावलांत त्याला बाद केलं असतं.

पण मी खो दिला नाही. माझ्या डोक्यात एकच, याला मीच बाद करणार. खांब जवळच होता. खांबाला वळसा घालून पलीकडे जाईन, म्हणून मी सुसाट सुटलो. वळसा घालून आलो तोवर तो पठ्ठ्या पुन्हा पाटीतून अलीकडे आला होता. शिट्टी वाजली. जास्तीच्या डावात ते जिंकले.

सर मला एक शब्द बोलले नाहीत. लोकांनी तर पाठ थोपटली, 'काय पळतोस रे!' फक्त तो मित्र सायकलवरून परत येताना हळूच म्हणाला, 'मी तयार होतो की रे. खो का नाही दिलास?'

माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून सरांनी मला पंधरा दिवस नुसतं पाटीवर बसवलं. मला ती शिक्षा वाटली. बसल्यावर कळलं की बसणं म्हणजे विश्रांती नव्हे. चवड्यांवर भार, हाताची बोटं जमिनीला टेकलेली, नजर पळतीवर. पाठीमागे काय चाललंय ते दिसत नाही. खो मिळण्याआधी उठलो तर फाऊल, आणि उशिरा उठलो तर गडी गेला. पाठीमागून येणाऱ्या एका आवाजावर सगळा भरवसा. आणि ज्याला वारंवार खो मिळत नाही, तो मुलगा हळूहळू टाचांवर टेकतो आणि इकडेतिकडे बघायला लागतो, हेही मी पाहिलं. आळशी म्हणून नव्हे. आपल्याला कोणी हाक मारणार नाही, हे त्याला कळून चुकलेलं असतं.

आता वाटेल, एवढं शिकल्यावर मी सुधारलो असेन. खेळणारा माणूस आपोआप शहाणा होतो, असं मी अजिबात म्हणणार नाही. शाळा सुटली, डिप्लोमा झाला, २००४ साली रेल्वेत ज्युनियर इंजिनियर म्हणून लागलो आणि मैदानावरचं सगळं मैदानावरच राहिलं.

गोष्ट २००९ सालच्या मे महिन्यातली. तेव्हा माझी नेमणूक दुसरीकडे होती. तपासणीत एका रुळात दोष सापडला होता आणि तो तुकडा बदलायला रात्री दीड तासाचा ब्लॉक मिळाला. माझ्यासोबत गँगची चौदा माणसं, त्यांचा मेट आणि नवीनच रुजू झालेला एक ज्युनियर इंजिनियर. दिवसभर उन्हात रुळांची पाहणी करून मी आधीच थकलो होतो. तरी मोजमाप मीच घेतलं, कापायची खूण मीच केली, कंट्रोलला फोन मीच, दोन्हीकडच्या लाल बत्त्यांची चौकशीही मीच. तो नवा पोरगा हातात वही घेऊन नुसता उभा होता. त्याला मी एकही काम दिलं नाही. वाटायचं, हा चुकला तर? त्यापेक्षा मीच करतो.

रूळ बसला. ब्लॉक संपायला सातआठ मिनिटं होती. लाईन गाडीसाठी योग्य आहे असा निरोप द्यायला मी फोन उचलला. तेवढ्यात मेट जवळजवळ ओरडलाच, 'साहब, रुकिए!' पलीकडच्या जोडावर दोन बोल्ट नुसते हाताने फिरवून ठेवलेले होते, पाना लागलेलाच नव्हता. तो जोड तपासायचं काम मी माझ्याकडे ठेवलं होतं आणि विसरलो होतो. बोल्ट आवळले, मी सगळे जोड पुन्हा पाहिले, ब्लॉक वेळेत सुटला. गाडी गेली तेव्हा माझे पाय लटपटत होते.

मेट वयाने वडिलांसारखा. कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात तो म्हणाला, 'साहब, हम लोग काहे को बैठे हैं? आवाज़ तो दीजिए.'

पंधरा वर्षांनी, हजार किलोमीटरवर, दुसऱ्या भाषेत, तेच वाक्य! मी तयार होतो की रे, खो का नाही दिलास?

त्या रात्री मला झोप आली नाही. मी स्वतःला कष्टाळू समजत होतो, सगळे म्हणतही होते. पण त्या कष्टात मेहनत किती आणि 'माझ्याशिवाय होणार नाही' हा गर्व किती, याचा हिशेब मी कधी केला नव्हता. अहो, साठ किलोच्या रुळाचा, म्हणजे मीटरला साठ किलो वजन असलेला, तेरा मीटरचा तुकडा पावणेआठशे किलोच्या घरात जातो. तो उचलताना चौदा माणसं चिमटे धरतात आणि मेटच्या एका हाकेवर एकदम जोर लावतात. हे रोज बघत होतो, पण त्यातला धडा मात्र घेत नव्हतो.

तेव्हापासून एक सवय लावून घेतली. ब्लॉक सुरू होण्याआधी पाच मिनिटं सगळ्यांना समोर उभं करतो आणि कोणाकडे काय ते नाव घेऊन मोठ्याने सांगतो. ज्याला सांगितलं त्याच्याकडून परत वदवून घेतो. शेवटी मेटला विचारल्याशिवाय फोन उचलत नाही. सही माझीच असते, जबाबदारीही माझीच. खो दिला म्हणजे जबाबदारी टळत नाही, हेही मुलांनी लक्षात ठेवावं. आणि तो वही घेऊन उभा असलेला पोरगा आज स्वतःचा सेक्शन उत्तम सांभाळतो.

आज सकाळी मुलांचा सामना बघत होतो. चौथीतली एक चिमुरडी पाठलागावर होती. तिने पुढच्या मुलाला हात लावला, पण 'खो' इतकं हळू म्हणाली की तो उठलाच नाही. ती गोंधळली, रडवेली झाली. तेवढ्यात बसलेल्यांपैकी कोणीतरी ओरडलं, 'अरे, ज़ोर से बोल ना!' मग तिने असा काही 'खो' ठोकला की स्टेशनपर्यंत ऐकू गेला असेल. (हशा, टाळ्या) तिच्या संघाला बक्षीस मिळालं नाही. पण हाक मारावी लागते आणि मोठ्याने मारावी लागते, हे ती चौथीत शिकली. तिच्या या काकांना ते एकोणतिसाव्या वर्षी कळलं. मघाच्या पालकांना माझं उत्तर हेच आहे. दहावीच्या मुलाला संध्याकाळचा एक तास मैदानावर पाठवा. गणित घरी शिकता येईल. दुसऱ्याच्या भरवशावर चवड्यावर बसणं आणि आपलं पळणं थांबवून दुसऱ्याला उठवणं घरात एकट्याने शिकता येत नाही.

आता शेवटचं, आणि हे जरा घरातलं आहे.

इथे घरापासून लांब राहणारे आपण पन्नास-साठ कुटुंबं. गणपतीचे दहा दिवस म्हणजे आपलं माहेर. खो-खोचा डाव नऊ मिनिटांचा असतो आणि योगायोग असा की मला कार्यवाह होऊन यंदा नऊ वर्षं झाली. मूर्ती ठरवणं, मांडव, पोलीस परवानगी, प्रसादाचा शिरा, सगळीकडे मीच पळतोय. तुम्ही कौतुक करता, मला बरं वाटतं. पण परवा एक तरुण सहकारी सहज म्हणाला, 'काका, आम्हाला काही करायला उरतच नाही, म्हणून आम्ही आरतीपुरते येतो.' मला ते बोल्ट आठवले. ही पोरं टाचांवर टेकायला लागली आहेत, आणि दोष त्यांचा नाही.

म्हणून अध्यक्षांच्या परवानगीने आजच सांगतो. येत्या गणेशोत्सवाला कार्यवाह मी नसेन. कार्यकारिणीने एका तिशीच्या आतल्या मुलीचं नाव ठरवलं आहे, ती समोरच बसली आहे आणि घाबरलेली दिसते आहे. बेटा, तुझ्या हातून चुका होतील. पहिल्या वर्षी माझ्याकडून प्रसाद कमी पडला होता आणि वहिनींनी ऐनवेळी आठ घरांतून केळी गोळा केली होती. मंडळ बुडालं नाही.

ज्येष्ठांना हात जोडून एक विनंती. खो दिल्यावर मैदान सोडून जायचं नसतं. ज्याला उठवलं, त्याच्याच जागी बसायचं असतं, चवड्यावर, पुन्हा हाक येईल तेव्हा उठायला तयार. 'आमच्या वेळी असं नव्हतं' म्हणत कडेला उभं राहणं हा खो नव्हे. मी यंदा पंगतीत वाढायला असेन, जोडे सांभाळायलाही असेन. फक्त आवाज द्या.

तर सर्वांच्या साक्षीने, माझ्या आयुष्यातला हा जरा उशिरा दिलेला, पण मोठ्याने दिलेला... खो!

गणपती बाप्पा मोरया!