पदकावर हक्क कोणाचा?

कोरोनाच्या साथीमुळे एक वर्ष लांबलेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये २५ जुलै २०२१ रोजी महिलांच्या ५७ किलो वजनगटाच्या तायक्वांदो लढती झाल्या. पहिल्याच लढतीत दोन इराणी तरुणी परस्परांसमोर उभ्या राहिल्या. नाहिद कियानीने शिरस्त्राणाखाली हिजाब घातला होता व ती इराणच्या वतीने खेळत होती. किमिया अलिझादेने हिजाब टाकला होता. ती निर्वासितांच्या संघातून, ऑलिंपिकच्या ध्वजाखाली उतरली होती. पूर्वी या दोघी एकाच राष्ट्रीय संघात होत्या. किमियाने ही लढत १८-९ अशी जिंकली.

या निकालाकडे ‘हिजाबावर स्वातंत्र्याचा विजय’ म्हणून पाहण्याचा मोह सहज होतो. तो आवरला पाहिजे, कारण त्या चौकोनात हरलेली मुलगी इराणची सत्ताधीश नव्हती.

किमियाचा जन्म १९९८ सालचा, तेहरानजवळच्या करजचा. २०१६ साली रिओमध्ये याच ५७ किलो गटात तिने कांस्यपदक मिळविले, तेव्हा ती अवघी अठरा वर्षांची होती. ऑलिंपिक पदक जिंकणारी ती पहिली इराणी स्त्री. राष्ट्राध्यक्ष रूहानींपासून सर्वांनी तिचे कौतुक केले. तायक्वांदोच हा मान इराणी स्त्रीला मिळवून देणारा खेळ ठरावा, हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही. सक्तीच्या वेशामुळे आंतरराष्ट्रीय जलतरणाचे दार इराणी स्त्रीला बंद आहे. फुटबॉलमध्ये २०११ साली उलटेच घडले: डोक्यावरील वस्त्राला जागतिक संघटनेचीच मनाई असल्याने इराणच्या महिला संघाला ऑलिंपिकच्या पात्रता सामन्यावर पाणी सोडावे लागले. म्हणजे घरचे राज्यकर्ते डोके झाकल्याशिवाय खेळू देत नाहीत आणि बाहेरचे नियामक तेव्हा झाकलेल्या डोक्याने खेळू देत नव्हते; दोन्हीकडून घरी बसली ती खेळाडूच. तायक्वांदोत शिरस्त्राण असतेच. त्याखाली हिजाब बसतो, अंगरखा सैल असतो, आणि राज्यकर्त्यांची अडचण आपोआप दूर होते. इराणच्या स्त्रियांनी त्या देशाच्या वतीने पॅरिसपर्यंत मिळविलेली तिन्ही ऑलिंपिक पदके याच एका खेळातली आहेत, यामागे ही गोष्टही आहे.

राज्यसंस्थेने काहीच दिले नाही, असे म्हणणे मात्र सत्याला धरून होणार नाही. तायक्वांदोची मोठी परंपरा त्या देशात आहे; हादी साईने २००४ व २००८ साली सुवर्णपदके आणली. प्रशिक्षक, सराव, परदेशी स्पर्धा हे सारे किमियालाही मिळाले. प्रश्न आहे तो या देण्याच्या बदल्यात काय मागितले गेले याचा. जानेवारी २०२० मध्ये देश सोडल्याचे जाहीर करताना तिने जे लिहिले, त्याचा आशय असा होता की, सांगितले ते कपडे घातले, सांगितली ती वाक्ये बोलले, आणि पदके मात्र सक्तीच्या हिजाबाच्या व अधिकाऱ्यांच्या व्यवस्थापनाच्या खाती जमा झाली. स्त्रीने पाय ताणणे शोभत नाही, असे टोमणेही तिने ऐकले होते. ज्या खेळात धडावरील लाथेला दोन गुण आणि डोक्यावरील लाथेला तीन, त्या खेळातील मुलीला हे ऐकवावे आणि तिच्याच पदकाची मिरवणूक काढावी, याला निर्लज्जपणा म्हणतात. श्रम एकाचे आणि मालकी दुसऱ्याची, हा व्यवहार केवळ गिरणीतच चालतो असे नाही.

टोकियोत किमिया पुढे गेली. सलग दोन ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकलेल्या ब्रिटनच्या जेड जोन्सला तिने १६-१२ असे हरविले. उपांत्य फेरीत मात्र ती रशियाच्या तात्याना मिनिनाकडून पराभूत झाली, आणि कांस्यपदकाची लढतही तुर्कस्तानच्या हातिजे कुब्रा इल्गुनने ८-६ अशी जिंकली. निर्वासितांच्या संघाचे पहिले पदक अवघ्या दोन गुणांनी हुकले.

आणि कियानी? ती इराणमध्येच राहिली व सराव करीत राहिली. सप्टेंबर २०२२ मध्ये महसा अमिनीच्या कोठडीतील मृत्यूनंतर इराणी स्त्रिया रस्त्यावर उतरल्या, अनेकांनी प्राण गमावले. अशा देशात राहून खेळणाऱ्या मुलीला ‘सरकारी’ ठरविणे दूर बसलेल्यांना फार सोपे जाते. देश सोडणाऱ्या किमियाचे धैर्य निर्विवाद आहे. परंतु जी राहिली तिच्या मौनाचा अर्थ लावण्याचा अधिकार कोणाला पोचतो? घर, आईबाप, भाषा, सराव या साऱ्यांचे पाश तोडणे प्रत्येकीला शक्य नसते, आणि तशी अपेक्षा ठेवणे हीसुद्धा एक जबरदस्तीच आहे.

८ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसच्या ग्रां पालेमध्ये त्याच ५७ किलो गटात या दोघी पुन्हा भिडल्या. किमिया आता बल्गेरियाची नागरिक होती. या वेळी कियानी जिंकली आणि अंतिम फेरीपर्यंत पोहोचली. तेथे दक्षिण कोरियाच्या किम यू-जिनने तिला हरविले. तरीही इराणी स्त्रीचे ऑलिंपिकमधील पहिले रौप्यपदक कियानीच्या नावावर लागले. ती अंतिम फेरीत गेल्यामुळेच, नियमानुसार, तिच्याकडून हरलेल्या किमियाला पुनर्लढतीची संधी मिळाली. त्या संधीतून किमियाने चीनच्या लुओ झोंगशीला नमवून कांस्यपदक घेतले. संध्याकाळी दोघी एकाच विजयमंचावर उभ्या होत्या, एकीच्या नावापुढे इराण आणि दुसरीच्या नावापुढे बल्गेरिया लिहिलेले होते.