परदेशी बिऱ्हाड आणि पगारी सोबती



या व्याख्यानमालेत बोलण्याचा मान मला देऊन चालकांनी थोडे धाडसच केले आहे. माझे शाळेतले शिक्षण नववीपर्यंत. पुढचे जे काही झाले ते कारखान्याच्या फाटकावर, लेबर कोर्टाच्या बाकावर आणि आपल्या सार्वजनिक वाचनालयात. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा ठेवू नये. तीस वर्षे युनियनचे काम करताना जे पाहिले, आणि जिथे मी स्वतः चुकलो, ते सांगणार आहे.

परदेशी बिऱ्हाड हलविणे ही गोष्ट एके काळी डॉक्टर-इंजिनिअरांच्या घरची होती. आता तसे राहिलेले नाही. २०२४ साली महाराष्ट्र सरकारने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार केला, आणि तेव्हापासून इलेक्ट्रिशियनच्या आणि नर्सबाईंच्या घरांतही नकाशे उघडले जाऊ लागले. एकटा माणूस गेला तर तो कुठेही पडून राहतो हो. पण बायको आणि दोन मुले बरोबर असली म्हणजे पहिल्या रात्रीपासून छप्पर लागते, पोरांना शाळा लागते, नगरपालिकेच्या कचेरीत नावनोंदणी लागते. आणि हे सारे परक्या भाषेत.

या गरजेतून एक नवा धंदा उभा राहिला आहे. त्याला 'कॉन्सिएर्ज' सेवा म्हणतात. मूळ शब्द फ्रेंच. तिकडे इमारतीच्या दाराशी बसणाऱ्या राखणदाराला तो लावीत. आता त्याचा अर्थ पगारी सोबती असा झाला आहे. हा गृहस्थ विमानतळावर उतरून घेतो, घर दाखवितो, बँकेत खाते उघडून देतो, मुलांना शाळेत घालतो. यात वाईट काय आहे? काहीच नाही. परक्या गावात हात धरणारा माणूस भेटणे यासारखे भाग्य नाही. मी विचारतो तो प्रश्न एवढाच, की त्या हात धरणाऱ्याला पैसे कोण देतो?

हा प्रश्न मला पुस्तकातून सुचलेला नाही. माझे वडील १९६१ साली कोकणातून बोटीने मुंबईला आले. भाऊच्या धक्क्यावर त्यांना घ्यायला गावचा माणूस उभा होता. तो त्यांना गिरणगावातल्या गावकीच्या खोलीवर घेऊन गेला. त्या एका खोलीत पंचवीस-तीस माणसे पाळीपाळीने झोपत. वर्गणी काढून भाडे भरीत, आजारी पडला त्याला गावी पोचवीत. गोव्याच्या तारवटी लोकांचे धोबीतलावचे कूड हाही त्याच जातीचा प्रकार. त्या माणसाने वडिलांकडून काही घेतले नाही. पुढच्या बोटीला उतरणाऱ्या पोराला घ्यायला वडिलांनी जायचे, एवढाच करार.

पण त्याच गिरणगावात दुसराही एक हात धरणारा होता. तो गिरणीतला जॉबर. तो नोकरी देई, खोली बघून देई, उसने पैसेही देई. मदत खरीच होती. परंतु नोकरी, खोली आणि कर्ज या तिन्हींच्या दोऱ्या एकाच मुठीत गेल्या की माणूस तोंड उघडू शकत नाही. सरकारच्या व्हिटली कमिशनने १९३१ च्या अहवालातच सांगितले होते, की नोकरभरती जॉबरच्या हातून काढून घ्या. तरी वडिलांच्या वेळेपर्यंत त्याचा दरारा संपलेला नव्हता.

हे सारे मला पाठ होते. आणि तरीही मी चुकलो.

२०२२ साली आमचा एक जुना सभासद, टूलरूममधला उत्तम कारागीर, बायको व दोन मुलांसह श्टुटगार्टच्या बाजूला गेला. कारखान्याने त्याला असा सोबती फुकट दिला होता. फुकट, म्हणजे बिल कारखान्याच्या नावावर. माणूस मोठा गोड बोलणारा होता. त्याने घर शोधले, शाळा पाहिली. जर्मनीत शिक्षण सक्तीचे, आणि सरकारी शाळेत फी नाही. भाषा न येणाऱ्या मुलांसाठी त्या राज्यात वेगळा तयारीचा वर्ग असतो, त्यात मुले बसली. मग घराच्या कराराचा कागद पुढे आला. तो कागद आमच्या गड्याने सहीपूर्वी मोबाइलवर मला पाठविला. मला जर्मन येत नाही. मी काय म्हणालो असेन? म्हणालो, "अरे, कंपनीचीच माणसे आहेत, कर सही." तीस वर्षे ज्याने लोकांना सांगितले की कंपनीच्या माणसाने पुढे केलेला कागद वाचल्याशिवाय सही करू नका, त्याने हे सांगितले!

त्या कागदात काय होते ते नंतर कळले. जर्मनीत भाडेकरूला साधारणपणे तीन महिन्यांची नोटीस देऊन घर सोडता येते. पण दोन्ही पक्षांनी काही काळ नोटीस द्यायची नाही असे कलम करारात घालता येते, आणि येथे ते दोन वर्षांचे घातले होते. उलट नोकरीचा करार पाहावा, तर पहिले सहा महिने प्रोबेशन, आणि त्या काळात मालकाने दोन आठवड्यांची नोटीस दिली की संपले. दोन आठवड्यांची नोकरी आणि दोन वर्षांचे घर! सोबत्याने दोन्ही कागद पाहिले होते.

आणखी एक. अनामत रक्कम तिकडे जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी घेता येते, आणि ती तीन मासिक हप्त्यांत भरण्याचा भाडेकरूला कायद्याने हक्क आहे. आमच्या माणसाकडून ती एकदम भरून घेतली. घरात शिरले तर स्वयंपाकघरात नुसत्या भिंती आणि पाण्याची जोडणी. ओटा नाही, शेगडी नाही, कपाट नाही. तिकडे पुष्कळ ठिकाणी भाडेकरूनेच स्वयंपाकघर आणायचे असते. हे आधी कोणी सांगितले नाही. वहिनींच्या पाटल्या गेल्या त्या या ओट्यापायी.

पाचव्या महिन्यात कारखान्याचे काम घटले आणि त्याला नोटीस मिळाली. त्याने सोबत्याला फोन केला. उत्तर सभ्य होते: आमचे ग्राहक आपण नाही, कंपनी आहे, आमचे काम पूर्ण झाले आहे. तो मनुष्य खोटे बोलला असे मी म्हणत नाही. त्याने ज्याचे पैसे घेतले त्याचे काम केले.

रात्री अकराला मला फोन आला. नोकरी गेली की तिथल्या परदेशी नागरिकांच्या कचेरीला राहण्याच्या परवान्याची मुदत कमी करता येते, हे त्याला तोवर समजले होते. वहिनी फोनवर एवढेच म्हणाल्या, "भाऊजी, मुलांना आत्ता कुठे मैत्रिणी मिळाल्यात." मला त्या रात्री झोप आली नाही.

वाट दाखविली ती तिकडच्या भाडेकरू संघाने. वर्षाची वर्गणी भरून सभासद व्हायचे, मग त्यांचा वकील तुमचा कागद वाचतो. म्हणजे युनियनच की ही, घरापुरती! त्यांनी सांगितले, की कलम कायद्याला धरून आहे. दुसरा भाडेकरू आणून दिलात आणि मालकाने मानले तरच सुटका. चार महिन्यांचे भाडे भरून सुटका झाली. जर्मन कामगार संघटनांच्या आश्रयाने परदेशी कामगारांना फुकट सल्ला देणारी केंद्रेही आहेत. त्यांचे नाव 'फेअर इंटिग्रात्सिऑन'. गड्याला दुसऱ्या गावी नोकरी मिळाली. मुलींची शाळा मात्र बदलली.

आता कोणी म्हणेल, स्वतःच्या खिशातून पैसे देऊन सोबती ठेवावा. ठेवावा, परवडत असेल तर. प्रामाणिक माणसे या धंद्यातही आहेत. पण दुसऱ्या बाजूकडून तो काही घेत नाही, हे त्याच्याकडून लिहून घ्यावे. जर्मनीत पूर्वी घरमालकाने नेमलेल्या दलालाची दलालीही बिचारा भाडेकरू भरीत असे. १ जून २०१५ पासून कायदा बदलला: भाड्याच्या घरासाठी ज्याने दलालाला काम सांगितले, त्यानेच त्याचे पैसे द्यायचे. माझ्या मते अलीकडच्या काळातला हा फार शहाणा कायदा आहे. आपल्याकडेही १९८३ च्या उत्प्रवास कायद्याने नोकरीच्या एजंटाला नोंदणी आणि कमिशनाची मर्यादा लावली. पण त्याची नजर नोकरीपुरती. घराचा कागद, पोरांची शाळा त्यात येत नाही.

गेल्या वर्षी दुसरे एक कुटुंब निघाले तेव्हा आम्ही शहाणे झालो होतो. आपल्याच गावातल्या एका निवृत्त जर्मन शिक्षिकेने कराराचा शब्द न् शब्द वाचून दाखविला. दोन वर्षांचे कलम होतेच! मालकाशी लिहून बोलल्यावर ते काढले गेले. बाईसाहेब पुण्याला जाऊन मॅक्सम्युलर भवनात जर्मनची पहिली परीक्षा पास झाल्या होत्या, त्यामुळे नावनोंदणीच्या कचेरीत नवऱ्यापेक्षा त्याच बोलल्या. स्टेशनवर घ्यायला कोण उभे होते? तो आमचा टूलरूमवाला. दोन तासांचा प्रवास करून, डब्यात वरणभात घेऊन. त्याने पहिले काम केले ते पत्रपेटीवर या कुटुंबाच्या नावाची पट्टी लावण्याचे. कारण तिकडे फ्लॅटला बहुधा नंबर नसतो. पेटीवर नाव नसेल तर टपाल परत जाते, आणि कराचा नंबर, बँकेचे कार्ड सारे टपालाने येते.

येत्या जूनमध्ये आणखी दोन कुटुंबे निघत आहेत. आमच्या बाई आता पंचाहत्तरीच्या आहेत, दोन्ही करार त्यांच्यावर टाकणे बरे नाही. सभेत कोणाला जर्मन वाचता येत असेल, तर व्याख्यान संपल्यावर मी दाराशी उभा आहे; कागद पिशवीत आहेत.