मातीचे ऋण



ज्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ आपण आज जमलो आहोत, त्या गुरुजींनी या शाळेत आयुष्यभर विज्ञान शिकविले. मी भाषेचा अध्यापक. त्यांच्या विषयावर बोलण्याचा मला अधिकार नाही. तरीही मूठभर मातीची एक कथा आपणांपुढे ठेवतो.

चंद्रपूरकडे माझ्या आजोळी एक दूरची मावशी होती. हत्तीरोगाने तिचा एक पाय सुजलेला. लग्नकार्यात ती मागल्या दारी बसे, लुगड्याच्या काठाने पाय झाकून. 'मागल्या जन्मीचे पाप' असे म्हणणारी माणसे घरचीच होती. डासाच्या दंशातून शिरलेल्या सुतासारख्या कृमीचे ते काम होते, हे मला कळले तेव्हा मावशी राहिली नव्हती.

जपानमधील सातोशी ओमुरा यांचा जन्म १९३५ चा, शेतकरी कुटुंबातला. ते टोकियोत रात्रशाळेत शिकवीत. परीक्षेस बसलेल्या एका विद्यार्थ्याचे हात कारखान्यातल्या तेलाने माखलेले त्यांनी पाहिले आणि आपणही पुन्हा शिकले पाहिजे, असे ठरविले. पुढे कितासातो संस्थेत मातीतील सूक्ष्मजीवांचा शोध हेच त्यांचे जीवितकार्य झाले. जातील तेथे मातीसाठी लहानशी पिशवी जवळ असे. कावाना येथील गोल्फच्या मैदानाजवळच्या मातीतून त्यांना स्ट्रेप्टोमायसीस कुळातील एक जिवाणू मिळाला. १९७४ मध्ये तो अमेरिकेतील मर्क कंपनीकडे गेला. तेथे विल्यम कॅम्पबेल यांच्या गटाने त्याचा अर्क कृमिग्रस्त उंदरांना दिला; कृमी नाहीसे झाले. त्या द्रव्यात किंचित बदल करून आयव्हरमेक्टिन सिद्ध झाले आणि १९८१ मध्ये प्रथम जनावरांसाठी बाजारात आले.

कृमीच्या मज्जातंतूंत व स्नायूंत क्लोराइडची जी विशिष्ट द्वारे असतात, ती हे औषध उघडी ठेवते. कृमी लुळा पडतो. माणसाच्या शरीरात तशी द्वारे नाहीत, म्हणून योग्य मात्रेत ते आपणांस मानवते. आफ्रिकेत नदीकाठच्या काळ्या माश्यांमुळे होणाऱ्या अंधत्वावर ते विनामूल्य देण्याचे कंपनीने १९८७ मध्ये जाहीर केले. २०१३ मध्ये कोलंबिया आणि २०२५ मध्ये नायजर हे देश त्या रोगातून मुक्त ठरले. ओमुरा व कॅम्पबेल यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यात हिवतापावरील संशोधनासाठी तू योयो यांचाही वाटा होता. हत्तीरोगाविरुद्ध २०१९ मध्ये नागपूर जिल्ह्यात तीन औषधे एकत्र देण्याची मोहीम झाली, तिच्यातही हेच औषध होते. सुजलेला पाय त्याने पूर्ववत होत नाही. रक्तातील कृमींची पिल्ले मरतात आणि रोगाचा प्रसार थांबतो.

मात्र येथे समाधान मानून चालत नाही. मेंढ्यांच्या पोटातील कृमी अनेक देशांत या औषधाला दाद देईनासे झाले आहेत. म्हणून शोध चालूच आहे. जपानमध्येच कॅमेलियाच्या पानावर सापडलेल्या एका बुरशीच्या द्रव्यापासून इमोडेप्साइड हे औषध तयार झाले. माणसांतील कृमिरोगांसाठीही त्याच्या चाचण्या हाती घेण्यात आल्या आहेत.

वाया गेलेल्या आयुष्याची आपण 'माती झाली' म्हणतो आणि टाकाऊ वस्तूला 'मातीमोल'. मराठी शिकविताना हे वाक्प्रचार मीही फळ्यावर लिहिले. आज ते लिहिताना माझा हात अडखळेल. विद्यार्थी मित्रहो, गुरुजींचे स्मरण करावयाचे तर पायाखालच्या मातीकडे एकदा नीट पाहा. आणि घरात मागल्या दारी कोणी पाय झाकून बसले असेल, तर त्या माणसाला आधी पुढे आणून बसवा.